जुन्या पेट्रोल ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवताना इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं वायरिंग कसं करायचं?

ट्रक म्हटलं की आज डिझेलच डोळ्यासमोर येतं, आणि डिझेल इंजिनात स्पार्कचा प्रश्नच नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की डिझेल आपोआप पेटतं. म्हणून हा लेख कोणत्या गाड्यांसाठी आहे ते आधी सांगतो. टाटांनी १९५४ साली डेमलर-बेन्झबरोबर ट्रक बांधायला घेतले आणि हळूहळू रस्ते डिझेलचे झाले. त्याआधी शेवरोले, डॉज, फार्गो, बेडफर्ड अशा गाड्या पेट्रोलवर पळायच्या. लष्करात तर जबलपूरला बनलेली निस्सान वन-टन पुढंही बरीच वर्षं पेट्रोलवरच होती आणि लिलावातून ती बाहेर आली. असली गाडी कुणाच्या शेडमध्ये असते, कुणाच्या शेतात, कुणी हौसेनं घेतलेली असते. मूळ इंजिन दमलेलं असतं, पार्ट मिळत नाहीत, मग दुसरं पेट्रोल इंजिन बसवायचं ठरतं. कोल्हापुरात त्यात अवघड काही नाही. ऑइल इंजिनांवर वाढलेलं हे गाव, उद्यमनगरात अॅडॉप्टर प्लेट, फाउंडेशन, कपलिंग सगळं लेथवर बनवून मिळतं. लोखंडाचं काम निभावतं. गाडी अडकते ती वायरिंगवर.

नव्या इंजिनाबरोबर बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला स्पार्क वाटणारा भाग, येतो. गाडीचं वायरिंग मात्र पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्कांच्या, काळातलं असतं. या दोघांची गाठ नीट मारली नाही की गाडी कधी पकडते, कधी पकडत नाही, तापली की बंद पडते, आणि दोष मॉड्यूलच्या, म्हणजे कॉइलचा करंट तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, माथी बसतो. नवं मॉड्यूल आणलं जातं, तेही तसंच वागतं. माझं सरळ मत आहे: मॉड्यूलला हात लावण्याआधी त्याला मिळणारी पॉवर आणि त्याचं अर्थिंग हे दोन्ही पक्कं करा. या लेखात जागाही त्या दोघांनाच जास्त दिली आहे.

कागदाचं आधी बघा

इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असल्या बदलाला आरटीओची मंजुरी लागते. येणाऱ्या इंजिनाची पावती आणि ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन गाडीत बसल्यावर कागद गोळा करायला निघालेल्या माणसाचे हाल मी बघितले आहेत. आरटीओत नेमका अर्ज कोणता, फी किती, हे तिथंच जाऊन विचारा. एवढं झालं की गॅरेजकडे वळा.

इंजिन उतरवण्याआधी

चेन पुली लावायच्या आधी मोबाइल काढा आणि प्रत्येक वायरीचा फोटो घ्या. नुसता फोटो पुरत नाही. तीस-चाळीस वर्षांत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या होतात, आणि तो रंग ग्रीसचा असतो. कागदी टेपच्या पट्ट्या कापून प्रत्येक टोकावर पेननं लिहा: ‘सेल्फ’, ‘डायनामो’, ‘कॉइल प्लस’, ‘टेम्परेचर’, ‘ऑइल बटण’. लिहिताना ‘कॉइल’ (बॅटरीच्या करंटपासून स्पार्कचा मोठा व्होल्टेज बनवणारी गुंडाळी) एवढंच लिहू नका, प्लस की मायनस ते लिहा.

मग दोन गोष्टी मीटरनं तपासा. पहिली, गाडी किती व्होल्टची आहे? दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टवर चालायची, नंतरच्या कित्येक लष्करी गाड्या २४ व्होल्टवर. बाजारातलं साधं इग्निशन मॉड्यूल १२ व्होल्टचं असतं. २४ वर लावलं तर तिथल्या तिथं जळेल, ६ वर लावलं तर कामच करणार नाही. गाडी २४ ची असेल तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह आवरा. ती एक बॅटरी सतत जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात. अख्खी गाडी १२ वर आणणं हाच धड मार्ग. येणाऱ्या इंजिनाचा सेल्फ आणि अल्टरनेटर तसेही १२ व्होल्टचेच असण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, चासीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलंय? जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस चासीला असायचा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जवळपास सगळी मायनस-अर्थची असतात. प्लस-अर्थच्या गाडीत ती जोडली की पहिल्याच चावीला संपली.

आणखी एक काम आत्ताच करा: वेल्डिंग. नव्या इंजिनाचं फाउंडेशन चासीला वेल्ड करायचं असेल तर ते मॉड्यूल गाडीत यायच्या आधी उरका. नंतर करावंच लागलं तर बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढा, मॉड्यूलचा प्लग काढा, आणि वेल्डिंगचं अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा.

आत नक्की काय बदलतं

पॉइंटच्या गाडीत कॉइलचा मायनस पॉइंटमधून अर्थ होतो. कॅम फिरला की पॉइंट उघडतात, कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या तुटण्याच्या क्षणी स्पार्क पडतो. पॉइंट जळू नयेत म्हणून कंडेन्सर असतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो, आणि कधी तोडायचं हे त्याला डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर सांगतो. घासणारं काही नाही, म्हणून गॅप बदलत नाही, टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) हलत नाही, आणि कॉइलमधून जास्त करंट नेता येतो.

सेन्सर मुख्यत्वे दोन जातींचे मिळतात, आणि कोणता हातात आहे ते वायरी मोजून कळतं. दोन वायरी असतील तर तो मॅग्नेटिक पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळी. त्याला पॉवर लागत नाही, तो फिरला की स्वतःच छोटासा एसी व्होल्टेज देतो. तीन वायरी असतील तर बहुधा हॉल सेन्सर: एक पॉवर, एक अर्थ, एक सिग्नल. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये मॉड्यूल आतच बसवलेलं असतं आणि बाहेर फक्त कॉइलच्या वायरी येतात. इंजिन घेताना डिस्ट्रिब्युटर, मॉड्यूल, कॉइल आणि कनेक्टरचा वायरीसकट तुकडा हे सगळं एकाच गाडीतलं मागा. भंगारवाला इंजिन देताना वायरी सरळ पक्कडनं कापतो. त्याला आधीच सांगून ठेवा की कनेक्टरच्या मागे हातभर वायर ठेव.

सामान

पॉवरसाठी अडीच एमएमची वायर, सिग्नलसाठी एक किंवा दीड एमएमची. अर्थिंगसाठी बॅटरी केबलच्या जाडीची केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी. चार पिनांचा ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) सॉकेटसकट, ब्लेड फ्यूज आणि त्याचा होल्डर, तांब्याचे लग, हीट श्रिंक स्लीव्ह, नालीदार पाइप. साधनांत मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, टायमिंग लाइट आणि चांगला क्रिम्पिंग पाना. पक्कडनं दाबलेला लग दिसायला घट्ट दिसतो, वर्षभरात आतून हिरवा होतो. क्रिम्प झाल्यावर वायर हातानं ओढून बघायची, निघाली तर बरं झालं, आत्ताच कळलं.

वायरी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळायची पद्धत इग्निशनच्या वायरीत अजिबात नको. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते, आणि जोड उघडा पडतो तो नेमका भर पावसात.

अर्थिंग: सगळ्यात आधी, सगळ्यात नीट

जुना मेस्त्री हसून म्हणेल, “अर्थिंगचं काय घिऊन बसलाय भावा, सगळं लोखंडच हाय की!” खरं आहे, पण त्या लोखंडावर रंग आहे, गंज आहे, आणि इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलंय. रबरातून करंट जात नाही. इंजिन बदलताना जुनी अर्थ पट्टी हमखास कुठंतरी लटकत राहते किंवा नव्या ब्लॉकवर तिला भोकच सापडत नाही. मग सेल्फ मारला की शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि मिळेल तिथून जातो. थ्रॉटल केबल, क्लचची तार, गिअरची लिंक. सेल्फ मारताना थ्रॉटल केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला तर दुसरं काही शोधू नका, इंजिनाला अर्थ नाही.

तीन जोडण्या करायच्या. बॅटरीच्या मायनसपासून सरळ इंजिन ब्लॉकला, सेल्फच्या जवळच्या बोल्टवर. ब्लॉकपासून चासीला. चासीपासून बॉडीला, म्हणजे फायरवॉलला. पॉलिश पेपरनं जागा चकचकीत पांढरी होईपर्यंत घासा, स्टार वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी रंग आणि मग बोल्ट असं उलटं करू नका.

आता मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, म्हणजे टर्मिनलवर नव्हे तर शिशाच्या खुंटीवरच. लाल पिन इंजिन ब्लॉकवर. कॉइलची पॉवर काढून ठेवा म्हणजे इंजिन पकडणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. एक-दीड व्होल्ट दाखवत असेल तर तेवढा व्होल्टेज अर्थमध्येच खर्च होतोय. लाल पिन पुढं-मागं सरकवत न्या, ज्या जोडावर आकडा उडी मारतो तिथं दोष. ओहमवर ठेवून ‘बीप’ आला म्हणजे अर्थ चांगला, असं समजू नका. एका तारेवर टिकलेली केबलसुद्धा बीप देते, कारण मीटर तिच्यातून करंट असा काही नेतच नाही.

पॉवर: चावीपासून मॉड्यूलपर्यंत

जर्मन पद्धतीचे टर्मिनल नंबर पाठ असले की निम्मं काम सोपं होतं: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, १५ म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा, ५० म्हणजे सेल्फ, ३१ म्हणजे अर्थ. कॉइलवर १५ हा प्लस आणि १ हा मायनस. रिलेवर ८५-८६ ही गुंडाळी, ३० ला बॅटरी येते, ८७ वरून बाहेर जाते.

पॉइंटच्या गाड्यांत एक मेख असते, बॅलास्ट रेझिस्टर. चीनी मातीचा पांढरा ठोकळा कॉइलच्या शेजारी दिसतो, नाहीतर अमेरिकी गाड्यांत तो दिसतही नाही, कारण हार्नेसमधली अख्खी वायरच रेझिस्टन्सची असते. चालू गाडीत कॉइलला कमी व्होल्ट द्यायचे आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरते पूर्ण द्यायचे, अशी ती योजना. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला मात्र कायम पूर्ण १२ व्होल्ट हवेत. जुन्या कॉइल प्लसच्या वायरीला नवं मॉड्यूल लावलं की ते उपाशी राहतं. इंजिन पकडतं आणि चावी सोडली की बंद पडतं. हे लक्षण दिसलं की बॅलास्ट शोधायचा.

ओळखायचं कसं? कॉइल मायनस तात्पुरता वायरीनं अर्थ करा, चावी चालू करा, आणि कॉइल प्लसवर व्होल्ट मोजा. १२ च्या जवळपास आला तर बॅलास्ट नाही. ६ ते ९ आला तर वाटेत कुठंतरी आहे. दहा सेकंदांत उरका, कॉइल तापते.

म्हणून मी जुन्या वायरीवर भार टाकतच नाही. तिचा उपयोग फक्त रिले ओढायला करायचा. चावीवरून येणारी जुनी कॉइल वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थ. बॅटरीच्या प्लसवरून, खुंटीपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज टाकून, अडीच एमएमची नवी वायर रिलेच्या ३० ला. ८७ वरून तीच जाडी कॉइल प्लस आणि मॉड्यूलला. रिलेची गुंडाळी थोडासाच करंट घेते, त्यामुळे झिजलेल्या चावीलाही ते झेपतं. बॅलास्ट वाटेत असला तरी बहुतेक रिले ओढतात, पण मी बॅलास्ट काढून तिथं सरळ जोड देतो.

आता लक्ष द्यायची जागा. चावीच्या काही टर्मिनलवर सेल्फ मारताना करंट बंद होतो, कारण ती रेडिओ-पंख्यासाठी असतात. रिले अशा टर्मिनलवर ओढला तर सेल्फ फिरतो पण स्पार्क नाही, आणि चावी सोडता सोडता एखादा फटका पडून कधीतरी पकडते. टेस्ट लॅम्प ८६ ला लावा आणि सेल्फ मारा. बल्ब मंद झाला तर चालेल, विझला तर टर्मिनल चुकलं.

मग मॉड्यूलच्या पॉवर पिनवर मीटर लावा आणि सेल्फ मारा. बॅटरीवर त्याच वेळी १० व्होल्ट असतील तर मॉड्यूलवर साडेनऊच्या खाली नको. बॅटरीवरच ९.६ च्या खाली जात असेल तर वायरिंग बाजूला ठेवा आणि बॅटरीवाल्याकडे जा.

डायनामो काढून अल्टरनेटर लावलाय? मग आणखी एक गंमत होईल. चावी बंद केली तरी इंजिन चालूच. चार्जिंगच्या लाल दिव्यातून अल्टरनेटर उलटा करंट चावीच्या वायरीत सोडतो, आणि तेवढ्यावर रिले धरून राहतो. दिव्याच्या वायरीत एक डायोड घाला, त्याची पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. १एन४००७ चालतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात किरकोळीत मिळतो.

मॉड्यूल आणि सेन्सर

कुठलाही सेन्सर कुठल्याही मॉड्यूलला जुळेलच असं नाही, त्यामुळे जोडी महत्त्वाची. मॅग्नेटिक पिकअप असेल आणि मूळ मॉड्यूल हरवलं असेल तर जगभर लोक जनरल मोटर्सचं (जीएम) चार पिनांचं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) मॉड्यूल वापरतात. १९७५ पासून त्यांच्या गाड्यांत ते सर्रास आलं, आणि त्याच्या नकलाही भरपूर मिळतात. पिनांवर इंग्रजी अक्षरं असतात: डब्ल्यू, जी, बी, सी. बी ला रिलेवरून आलेले १२ व्होल्ट. सी वरून कॉइल मायनस. डब्ल्यू आणि जी ला पिकअपच्या दोन वायरी. पाचवी जोडणी दिसत नाही म्हणून राहून जाते: मॉड्यूलचा अर्थ त्याच्या स्क्रूच्या भोकांतून होतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवर ते बसवलं तर स्पार्क येणारच नाही.

मॉड्यूल ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटवर बसवा आणि मध्ये ट्रान्झिस्टरला लावतात तो पांढरा हीट सिंक कंपाउंड पातळ लावा. साधं ग्रीस नको. प्लेटपासून बॅटरी मायनसपर्यंत किंवा ब्लॉकच्या मुख्य अर्थ बोल्टपर्यंत वेगळी वायर ओढा. जागा फायरवॉलवर उंचावर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, चाकाचं पाणी उडणार नाही अशी.

पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली तरी गाडी बऱ्याचदा चालू होते. इथंच माणूस फसतो. उलटी जोडणी असेल तर स्पार्क भलत्याच क्षणी पडतो. टायमिंग लाइट मारला की पुलीवरची खूण एका जागी ठरत नाही, आणि रेस वाढवली की टायमिंग पुढं जायच्या ऐवजी मागं येतं. तसं दिसलं तर दोन वायरी बदलून बघा आणि टायमिंग पुन्हा लावा. जीएमच्या पिकअपमध्ये पांढरी वायर डब्ल्यूला, हिरवी जीला, हे रंग खुणेसारखे आहेत.

पिकअपच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळून न्या, आणि प्लगच्या वायरींपासून हातभर लांब. शेजारून गेल्या तर प्लग वायरीतला झटका यांच्यात उतरतो आणि मॉड्यूलला नसलेला सिग्नल दिसतो.

हॉल सेन्सरचा जो संच पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरमध्येच बसतो, त्यात मॉड्यूल आतच असतं म्हणून त्याला दोनच वायरी बाहेर येतात, त्या पिकअपच्या समजू नका: लाल पूर्ण १२ व्होल्टला, काळी कॉइल मायनसला. लाल वायर बॅलास्टच्या आधी जोडायची. दोन्ही वायरी उलट्या लावल्या तर बहुतेक संच तिथंच संपतात, म्हणून बॅटरी जोडायच्या आधी पुन्हा एकदा बघा. आणि पॉइंटचा जुना कंडेन्सर काढून टाका. कॉइल मायनसवर तो राहिला तर मॉड्यूलला त्रास होतो.

कॉइल, प्लग, वायरी

कॉइलच्या प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा. साधी बिनबॅलास्टची पॉइंट कॉइल ३ ओहमच्या आसपास, बॅलास्टवाली दीड, एचईआयची अर्ध्या ओहमच्या जवळपास. एचईआय मॉड्यूल करंट स्वतः आवरतं, म्हणून त्याला अर्ध्या ओहमची कॉइल झेपते. तीच कॉइल साध्या हॉल संचाला लावली तर संच जळतो. संचाच्या डब्यावर कमीत कमी किती ओहम लिहिलंय ते बघूनच कॉइल निवडा.

प्लग वायरी कार्बनच्या किंवा रेझिस्टन्सवाल्या घ्या. निव्वळ तांब्याच्या वायरीनं रेडिओत खरखर तर येतेच, मॉड्यूलही बिथरतं. प्लगचा गॅप पॉइंटला ०.६ ते ०.७ मिमी ठेवत असाल तर आता ०.८ ते ०.९ चालेल. डिस्ट्रिब्युटरचं कॅप नवं, आणि आत फिरून प्रत्येक प्लगला स्पार्क पोचवणारा रोटरही नवा. इथं काटकसर नको.

एक सूचना मनावर घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका तीस हजार व्होल्टच्या आसपासचा असतो. चालू इंजिनाची प्लग वायर हातानं ओढून ‘कोणता सिलिंडर मिस मारतोय’ बघायची जुनी सवय सोडा. वायर मोकळी हवेत राहिली तर कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही खराब होऊ शकतात. स्पार्क बघायचा तर जुना प्लग वायरीला लावून ब्लॉकला क्लिपनं घट्ट अर्थ करा. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी बॉनेटजवळ येऊच नये.

टायमिंग

एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, इंजिन पान्यानं हळूहळू फिरवा. अंगठा ढकलला जाईल तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. तिथून पुलीची खूण ठरलेल्या अंशावर आणा. हा अंश येणाऱ्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, गाडीच्या नव्हे. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांचं सुरुवातीचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी ५ ते १० अंशांत असतं. त्या वेळी रोटर कॅपच्या ज्या खुंटीकडे बघतोय ती एक नंबर. अंगठ्याची परीक्षा न करता नुसती खूण जुळवली तर रोटर बरोबर उलट्या बाजूला असू शकतो, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एकच होते. मग गाडी कार्ब्युरेटरमधून फटके मारते.

फायरिंग ऑर्डर सरळ सहा सिलिंडरला बहुधा १-५-३-६-२-४, चारला बहुधा १-३-४-२. तुमच्या इंजिनाची ब्लॉकवर किंवा मॅनिफोल्डवर ओतलेली असते का बघा. रोटर कोणत्या दिशेनं फिरतो ते सेल्फचा हलका झटका देऊन प्रत्यक्ष पाहा आणि वायरी त्याच दिशेनं लावत जा.

इंजिन सुरू व्हायच्या आधी टायमिंग जवळपास आणायची एक युक्ती: खूण जुळलेली, चावी चालू, एक नंबरच्या वायरीला अर्थ केलेला जुना प्लग. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो रोटरच्या दिशेनं थोडा फिरवा, मग उलट दिशेनं झटकन आणा. जिथं ‘टक’ करून स्पार्क पडला तिथं आवळा. मॅग्नेटिक पिकअपला झटका जरा जोरात द्यावा लागतो, हळू फिरवलं तर त्याला सिग्नलच तयार करता येत नाही.

गाडी चालू झाली की डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइटनं पक्कं लावा. ढिल्या बाह्या, गळ्यातली दोरी, पंख्याच्या जवळ काही नको. टायमिंग लाइटमध्ये पंखा थांबल्यासारखा दिसतो, तो थांबलेला नसतो.

पकडत नसेल तर

क्रम मोडू नका. सेल्फ मारताना बी पिनवर व्होल्ट आहेत का? मॉड्यूलच्या प्लेटपासून बॅटरी मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत आहे का? पिकअपच्या दोन टोकांत ओहम दिसतात का? जीएमचा पिकअप ५०० ते १५०० ओहम दाखवतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारला तर थोडं तरी हलतं का? कॉइल मायनसला टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारला तर बल्ब लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर मॉड्यूल काम करतंय, दोष पुढं कॉइल, रोटर, कॅपमध्ये. पॉवर, अर्थ, पिकअप तिन्ही ठीक आणि बल्ब तसाच पेटलेला, तर मात्र मॉड्यूल गेलं म्हणायला हरकत नाही.

रस्त्यावर

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. कावळा नाक्याच्या गर्दीत गाडी स्लोवर तापू द्या. मॉड्यूलची प्लेट हाताला सोसेल इतपतच गरम हवी. मग हायवेला शिरोलीच्या पुढं जाऊन या. आणि खरी परीक्षा पन्हाळ्याची. वाघबीळवरून चढताना थोडा माल टाकून दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. सपाटीला गुळगुळीत चालणारी गाडी चढाला मिस मारत असेल तर स्पार्क कमी पडतोय, कारण भारावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि स्पार्क उडायला जास्त व्होल्टेज लागतं. आधी प्लगचा गॅप कमी करून बघा, मग कॉइल प्लसचे व्होल्ट पुन्हा मोजा.

जूनच्या आत आणखी दोन कामं. प्लग वायरीच्या रबरी टोप्यांत आणि कॅपच्या कडेला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि रिलेचा सॉकेट तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी साचणार नाही. गगनबावड्याच्या बाजूला पावसात गाडी नेणार असाल तर संध्याकाळी अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींवर बाटलीनं पाण्याचा फवारा मारा. निळ्या ठिणग्या जिथून पळताना दिसतील ती वायर बदला.

आठवड्याभरानं अर्थचे तिन्ही बोल्ट पुन्हा आवळा, नव्या लगखाली तांबं बसतं आणि बोल्ट सैल होतो. एक जादा मॉड्यूल, एक रिले, दोन फ्यूज आणि जुनं कॅप डब्यात घालून सीटखाली टाका. आणि तुम्ही केलेल्या वायरिंगचा आराखडा, वायरींच्या रंगांसकट, कागदावर काढून दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये चिकटवा. पुढच्या वेळी हे वायरिंग उघडणारा मेस्त्री तुम्हीच असाल असं नाही.